कॉलनीमागच्या नाल्याचा पूर: अभ्यास कसा करायचा आणि पाणी कमी कसं करायचं (नाशिककरांसाठी)

जुलै-ऑगस्टमध्ये नाशकात दोनच प्रश्न असतात, गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं आणि गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं. कमरेपर्यंत म्हटलं की सराफ बाजार, भांडी बाजारवाले माल वर हलवायला लागतात आणि गळ्यापर्यंत म्हटलं की अर्धं शहर गंगेवर (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) मोबाईल घेऊन हजर. १९६९ चा पूर जुनी माणसं अजून सांगतात, १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ ह्या तारखा तर बऱ्याच जणांना पाठ आहेत. पण गंगेपासून दोन-तीन किलोमीटर लांब राहूनही ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी घुसतं त्यांचं काय? नासर्डी नदीच्या काठावरचे, वाघाडीच्या काठावरचे, नाहीतर ज्या नाल्याला धड नावसुद्धा नाही त्याच्या शेजारचे. त्यांच्या पुराचा धरणाशी काडीचा संबंध नसतो, धरण अर्धं रिकामं असतानाही ते बुडतात आणि तेही तासाभरात, म्हणजे टीव्हीवर बातमी येईपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. इंजिनिअर असायची गरज नाही, दहावीचं गणित, एक टेप आणि पावसात भिजायची तयारी एवढं पुरतं.

आधी ठरवा, आपल्याकडे कुठलं पाणी येतं

सगळ्या पाण्याला आपण पूर म्हणतो आणि मग उपाय चुकतात. ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे वरून येणारा लोंढा, नाल्याच्या वरच्या भागात धो धो पाऊस झाला आणि ते पाणी गढूळ, वेगानं, कचरा घेऊन खाली आलं, हे पटकन चढतं आणि पटकन उतरतंही. दुसरा म्हणजे फुगवटा. गंगा भरून वाहत असते, नाल्याचं तोंड तिच्या पाण्याखाली जातं आणि नाल्यातलं पाणी मागं मागं चढत येतं, सराफ बाजारात सरस्वती नाल्याचा जो त्रास आहे त्यात हा भाग मोठा आहे, वरून पाऊस आणि खालून गंगा. हे पाणी हळू चढतं, जवळजवळ उभं असतं आणि गंगा उतरल्याशिवाय उतरत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात चिडचिडा, नाला काठाच्या आतच असतो पण कॉलनीतलं पावसाचं पाणी नाल्यात जायला जागाच नाही, चेंबर उलटी मारतात, बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं.

कुठला प्रकार ते पाणी आलेलं असतानाच कळतं, नंतर सगळे आपापली गोष्ट सांगतात. म्हणून त्या वेळी तीन गोष्टी लिहा किंवा व्हॉट्सअपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवा: पाऊस किती वाजता जोरात सुरू झाला, पाणी आवारात किती वाजता आलं आणि कुठल्या बाजूनं आलं. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आलं तर लोंढा. पाऊस थांबून तीन तास झाले तरी पाणी वाढतंय आणि गंगापूरचा विसर्ग चालू आहे तर फुगवटा. नाल्यात डोकावलं तर दोन फूट जागा शिल्लक आणि गल्लीत मात्र गुडघाभर, तर तिसरा. आणि दोन प्रकार एकत्रही येतात, हे नाशकात नेहमीचं आहे. एक बारीक गोष्ट बघा, बातम्यांत गंगापूरचा विसर्ग आणि होळकर पुलाखालचा प्रवाह असे दोन वेगळे क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडे येतात आणि दुसरा बहुतेक वेळा मोठा असतो. तो वाढीव हिस्सा धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचा, म्हणजे नाल्या-ओढ्यांतून आलेला, तुमच्याआमच्या छतांचा आणि रस्त्यांचा.

पाणलोट काढा

आपल्या नाल्याला कुठून कुठून पाणी मिळतं त्या सगळ्या भागाची हद्द म्हणजे पाणलोट. ही रेघ कागदावर आली की निम्मं भांडण मिटतं, कारण तोपर्यंत प्रत्येक जण शेजारच्या सोसायटीला शिव्या देत असतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे टोपोशीट (जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे) ऑनलाइन मिळतात. नाशिकची गंमत अशी की २० अंश अक्षांश शहरातूनच जातो आणि शीट तिथंच तुटतात, त्यामुळे बऱ्याच नाल्यांसाठी दोन शीट जोडावे लागतात, जुन्या नंबरप्रमाणे ४६ एच/१६ आणि त्याच्या खालचं ४७ ई/१३. त्यावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर २० मीटरला असतात, डोंगराकडे ठीक, पण सपाट कॉलनीत त्यांचा फार उपयोग नाही. तिथं गूगल अर्थ घ्या, कॉम्प्युटरवरच्या प्रो आवृत्तीत रेघ मारून तिचा चढउतार दाखवता येतो आणि जुने सॅटेलाइट फोटो बघता येतात. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळही आहे. नाला जिथं गंगेला किंवा नासर्डीला मिळतो तिथून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी उंच जागा धरत धरत वर जा आणि रेघ वर एकत्र आणा. पांडवलेणीच्या डोंगराखाली पडलेला थेंब नासर्डीत जातो का वालदेवीत, म्हसरूळच्या उतारावरचा वाघाडीत जातो का दुसरीकडे, असे प्रश्न सुटायला लागले की मजा येते, खरंच.

पण नकाशावरची रेघ शहरात खोटी पडते. हायवेचा भराव पाणी अडवतो आणि दोन मोऱ्यांमधूनच (रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा) सोडतो, पावसाळी गटारीचा पाईप चढ ओलांडून पलीकडच्या उताराचं पाणी तुमच्या नाल्यात आणून टाकतो, एमआयडीसीतल्या मोठ्या शेडचं सगळं छत एकाच पाईपनं रिकामं होतं. म्हणून दोनदा चाला. एकदा मे महिन्यात, कोरडा नाला असताना, तळ बघायला. आणि एकदा चांगला पाऊस चालू असताना, छत्री नाही रेनकोट, रस्त्याच्या कडेनं पाणी कुठे वळतंय ते बघायला. पावसातल्या ह्या फेरीत जे दिसतं ते कुठल्याच नकाशात नसतं, कोपऱ्यावर कोणीतरी स्वतःच्या गेटसमोर घातलेला चार इंचाचा सिमेंटचा उंचवटा अख्ख्या गल्लीचं पाणी वळवतो.

आणखी एक, मळेवाल्यांना विचारा. नाशकातल्या बऱ्याच कॉलन्या मळ्यांवर उभ्या आहेत आणि त्या घरातल्या सत्तरीच्या बाबांना नेमकं माहीत असतं की ओहोळ कुठून जायचा, कुठल्या वावरात पाणी साचायचं म्हणून तिथं भातच लावायचे. भूमी अभिलेखचा जुना गाव नकाशा काढा, त्यात नाला कसा वळतो ते बघा आणि आजच्या नाल्याशी जुळवा. जुळला नाही तर तिथंच तुमचा पहिला पुरावा सापडला.

मोजमाप

पाऊस मोजायला सरळ बाजूंची बरणी आणि पट्टी पुरते, तोंड आणि तळ सारख्या रुंदीचा पाहिजे, गच्चीत मोकळ्या जागी ठेवायची, टाकीच्या आडोशाला नको. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच बदलतो म्हणजे त्यांच्या आकड्याशी ताडून बघता येतं. पण नाल्यासाठी २४ तासांचा आकडा अर्धवट आहे. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर झाला की जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. आता ६५ मिमी दिवसभर रिमझिम पडला तर तुमचा नाला त्याची दखलही घेणार नाही, तेवढाच एका तासात पडला तर कॉलनीत होडी चालेल. म्हणून जोर असेल तेव्हा दर १५ मिनिटांनी बरणी बघा. (आणि प्रत्येक जोराच्या सरीला ढगफुटी म्हणू नका राव, खात्याच्या व्याख्येत तासाला १०० मिमीच्या आसपास पाऊस लागतो त्याला.)

दुसरं, शहराचा पाऊस एकसारखा नाही. पश्चिमेला त्र्यंबक, इगतपुरीकडे धुवाधार आणि पूर्वेकडे निफाड, सिन्नरकडे कमी, शहर मध्ये. सातपूरला कोसळतोय आणि नाशिकरोडला रस्ते कोरडे, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळे तुमच्या गच्चीवरची बरणी एकटी कामाची नाही, पाणलोटाच्या वरच्या टोकाला कोणीतरी दुसरा बरणीवाला शोधा.

नाल्यात पाणी किती हे मोजायला मोरीच्या भिंतीवर पट्टी रंगवा, तळापासून दर १० सेंटीमीटरला रेघ, दर अर्ध्या मीटरला आकडा, ऑइल पेंटनं, लांबून दिसेल अशी. प्रभागाच्या इंजिनिअरला सांगून रंगवा, नाहीतर कोणीतरी पक्षाची जाहिरात समजून पुसून टाकेल. वेग मोजायला नाल्याचा सरळ तुकडा निवडा, काठावरच्या दोन खुणांमध्ये १० मीटर अंतर, वर नारळ टाका (नाशकात गंगेत वाहणाऱ्या नारळांना तोटा नाही) आणि किती सेकंदात खालच्या खुणेपाशी येतो ते मोबाईलवर बघा. वरच्या थराचा वेग जास्त असतो म्हणून ०.८५ नं गुणा. समजा नाला ४ मीटर रुंद, पाणी ८० सेंटीमीटर खोल, नारळ ६ सेकंदात आला. वेग १.६७, गुणिले ०.८५ म्हणजे १.४ च्या आसपास. गुणिले ३.२ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेचार घनमीटर. बातम्यांतल्या भाषेत हवं असेल तर ३५.३ नं गुणा, सुमारे १६० क्युसेक. हे सगळं काठावरून, आत उतरून नाही, गुडघाभर वेगाचं पाणी धडधाकट माणसाला पाडतं.

एक हिशोब, जो प्रत्येक मीटिंगला घेऊन जावा

लहान पाणलोटासाठी इंजिनिअर लोक जे साधं सूत्र वापरतात ते असं: पाण्याचा हिस्सा गुणिले तासाचा पाऊस मिमीमध्ये गुणिले क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये, भागिले ३.६. उत्तर सेकंदाला घनमीटर. पाण्याचा हिस्सा म्हणजे पडलेल्यापैकी किती वाहून नाल्यात आलं. मळा असेल तर ०.३ धरा, दाट कॉलनी, काँक्रीट रस्ते आणि पेव्हर ब्लॉक असतील तर ०.७.

एक चौरस किलोमीटरचा नाला घ्या, तासाला ५० मिमीची सर. मळे होते तेव्हा: ०.३ × ५० × १ ÷ ३.६ = ४.२. आता: ०.७ × ५० × १ ÷ ३.६ = ९.७. पाऊस तोच, नाला तोच, पाणी दुपटीच्या वर. आता रस्त्याखालची मोरी बघा, जुन्या काळी टाकलेले ९०० मिमी व्यासाचे तीन ह्यूम (सिमेंटचे) पाईप. एका पाईपचं तोंड ०.६४ चौरस मीटर, तिन्हीचं १.९, पाणी सेकंदाला २ मीटर वेगानं गेलं तर ३.८ घनमीटर निघेल. म्हणजे मळ्यांच्या जमान्यात ही मोरी जवळजवळ पुरत होती, आज आलेल्या पाण्यातलं निम्मंही तिच्यातून जात नाही, उरलेलं रस्त्यावरून तुमच्याकडे. आणि तीनपैकी एक पाईप गाळानं बुजलेला असेल, जो असतोच, तर पाव हिस्सा. हा हिशोब कागदावर नेला की समोरचा माणूस "यंदा पाऊसच फार झाला हो" म्हणायचं थांबतो.

वेळेचा अंदाजही काढता येतो. दीड किलोमीटर लांबीच्या नाल्याला शंभर मीटरला एक मीटर उतार असेल तर वरच्या टोकाचं पाणी खाली यायला साधारण अर्धा तास लागतो, काँक्रीटच्या गटारीत त्याहून कमी. तुमच्या हातात इशाऱ्यासाठी तेवढाच वेळ असतो, ह्यापुढे सगळं नियोजन त्या अर्ध्या तासावर करायचं.

निळी रेषा आणि लाल रेषेबद्दलही एकदा समजून घ्या, जलसंपदा विभाग आखतो त्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. बिल्डर म्हणतो २५ वर्षांतून एकदा येतो, आत्ताच येऊन गेला, आता काळजी नाही. तसं नसतं. दरवर्षी ४ टक्के शक्यता, गेल्या वर्षी आला तरी यंदा पुन्हा ४ टक्केच. २० वर्षांच्या होम लोनच्या काळात निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी यायची शक्यता ५६ टक्के निघते, लाल रेषेसाठी १८ टक्के. आणि ह्या रेषा नदीसाठी असतात, मागच्या बिननावाच्या नाल्याला बहुतेक वेळा रेषाच नसते, म्हणून फ्लॅट घेताना "रेड लाइनच्या बाहेर आहे" हे ऐकून खूश होऊ नका.

अडकतं कुठे ते शोधा

खालून वर चालत या, वरून खाली नको. खालचा गळा मोकळा नसेल तर वरचा मोकळा करून तुम्ही फक्त खालच्या लोकांना बुडवता.

प्रत्येक मोरीशी थांबायचं, रुंदी-उंची टेपनं मोजायची, दोन्ही तोंडांचे फोटो काढायचे. वरच्या अंगाला (पाणी येतं त्या बाजूला) बाभळीच्या फांद्यांवर, तारेच्या कुंपणावर प्लॅस्टिक, चिंध्या, वाळकं गवत लटकलेलं असतं, ते ज्या उंचीला असेल तिथपर्यंत पाणी आलेलं होतं, तळापासून मोजून लिहा. मोरीच्या वरच्या अंगाला खूण ६ फुटांवर आणि खालच्या अंगाला ३ फुटांवर दिसली तर गुन्हेगार ती मोरीच. दोन्हीकडे सारखीच असेल तर अडथळा आणखी खाली आहे, पुढे चला.

मोरीचं तोंड मोठं असूनही पाणी का अडतं ह्याचं एक कारण जवळून बघण्यासारखं आहे. स्लॅबच्या खालून, वरच्या अंगाला, आडवा एक पाईप टाकलेला असतो, पिण्याच्या पाण्याचा नाहीतर ड्रेनेजचा, तळापासून साधारण छातीच्या उंचीवर. कोरड्या दिवसात त्याचा काही त्रास नाही. पहिल्या मोठ्या पावसात आधी एक फांदी त्याला आडवी अडकते, मग फांदीला गोणपाट, गोणपाटाला पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, कोणाची तरी फाटकी गादी, आणि वीस मिनिटांत पाईपपासून खाली एक भिंत तयार होते जी कुठल्याही नकाशात नाही. पाणी वरून उडी मारून रस्त्यावर. पूर ओसरला की ती भिंत पाण्याबरोबर कोसळते, गादी खाली वाहून जाते आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाला मोरी स्वच्छ दिसते. म्हणून पूर चालू असतानाचा एक फोटो नंतरच्या शंभर फोटोंपेक्षा भारी.

बाकीच्या गोष्टी पटापट: नाल्यात ढकललेला राडारोडा, एका बाजूनं दीड मीटर आत सरकलेली संरक्षक भिंत, काटकोनात वळवलेला नाला, नाल्यावर स्लॅब टाकून केलेलं पार्किंग, जलपर्णी. प्रत्येकाची जागा मोबाईलच्या लोकेशनसह नोंदवा. माणसांची नावं लिहू नका, रुंदी लिहा. "अमक्यानं अतिक्रमण केलं" म्हटलं की भांडण सुरू, "वर ४.५ मीटर, इथं २.८, खाली ४.२" म्हटलं की काम सुरू व्हायची निदान शक्यता तरी असते. आणि काठावर झोपडपट्टी असेल तर सगळं खापर तिच्यावर फोडायच्या आधी वरच्या बाजूच्या मोठ्या लेआऊटनं नाल्याचं काय केलंय ते मोजून बघा, माझ्या बघण्यात नाला गिळणारे बहुतेक वेळा कंपाउंड वॉल असलेले लोक असतात आणि बुडणारे पत्र्याच्या घरातले.

आता कमी कसं करायचं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे वेळेवर नालेसफाई. मे अखेरीला जेसीबी येतो, गाळ काढतो आणि काठावरच ठेवून जातो, पहिल्या दोन सरींत तो गाळ परत आत. तेव्हा मागणी "नालेसफाई करा" अशी करू नका, "गाळ काढून त्याच आठवड्यात उचला आणि मोरीच्या आतला हातानं काढा" अशी करा, कारण जेसीबीचा पंजा मोरीच्या आत पोचत नाही. आणि जूनअखेर पुन्हा एकदा, कारण पहिल्या पावसात सगळ्या शहराचा उन्हाळाभराचा कचरा एकदम येतो. गणपती, नवरात्रानंतर निर्माल्याची तिसरी फेरी. जेसीबीवाल्याला तळ खरवडून खोल करू देऊ नका, मोरीचा तळ तेवढाच राहतो आणि त्याच्या वर फक्त डबकं तयार होतं, डासांची सोय.

मग अडथळे. तो आडवा पाईप स्लॅबच्या वर नाहीतर खालच्या अंगाला घेता येतो, खर्च मोरी नव्यानं बांधण्यापेक्षा कितीतरी कमी. वरच्या अंगाला १५-२० मीटर आधी उभे लोखंडी खांब तिरके रोवले तर गादी-फांद्या तिथं अडकतात आणि मोरी मोकळी राहते, पण ते खांब दर पावसानंतर साफ करणारा माणूस ठरलेला पाहिजे, नाहीतर तुम्ही नवी भिंत बांधली.

पाणी वरच अडवायचं म्हटलं की सगळे रेन वॉटर हार्वेस्टिंग म्हणतात. आधी आकडा बघा. वरच्या उदाहरणात मोरीला न झेपणारं पाणी सेकंदाला जवळपास ६ घनमीटर, अर्ध्या तासात एक कोटी लिटरच्या वर. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिमी पावसात साडेशेहेचाळीस हजार लिटर पडतं. एका सोसायटीनं सगळं अडवलं तरी नाल्याला कळणार नाही, दोनशे सोसायट्यांनी अडवलं तर नव्वद लाखांच्या वर जातं. म्हणजे उपयोग आहे, पण एकट्यानं नाही आणि त्यातही बोअरमध्ये सोडण्यापेक्षा गच्चीच्या पाईपचं तोंड बारीक करून पाणी तास-दीड तास उशिरा सोडणं पुरासाठी जास्त कामाचं (गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि स्लॅब आधी इंजिनिअरकडून बघून घ्या). आपल्याकडे वर काळी माती, ती फुगली की पाणी आत घेत नाही, शोषखड्डा करायचा तर मुरुमापर्यंत खोल नेला पाहिजे आणि आधी गाळ बसायचा खड्डा हवा.

माझ्या मते खरा दम मैदानात आणि बागेत आहे. दोन एकरांचं महापालिकेचं उद्यान किंवा शाळेचं मैदान एक फूट खोलगट केलं, कडेनं छोटा बांध आणि खाली बारीक पाईप, तर २४ लाख लिटर पाणी दोन-तीन तास थांबतं, आपल्या एक कोटीतला पाव हिस्सा जवळजवळ, एकाच जागी. दुसऱ्या दिवशी पोरं तिथंच क्रिकेट खेळतात. पण आपल्याकडे उलटं होतं, उद्यान म्हणजे चार फूट भराव, वर पेव्हर ब्लॉक आणि कारंजं. डोंगराकडचा पाणलोट असेल तर सलग समतल चर (उताराला आडवे खणलेले), अनगड दगडी बांध, गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) हे जलसंधारणवाल्यांचं नेहमीचं काम तिथं चालतं, माथ्याकडून पायथ्याकडे ह्या क्रमानं. डोंगर पोखरून प्लॉटिंग चालू असेल तर मात्र चरांनी काही होत नाही, ती माती पहिल्याच पावसाळ्यात तुमच्या मोरीत येऊन बसते.

भिंतीबद्दल सावध. काठावर उंच भिंत मागणं सगळ्यात सोपं असतं आणि नारळ फोडायला सगळ्यांना आवडतं. पण एका काठाची भिंत पाणी समोरच्या काठावर ढकलते, आणि भिंतीच्या आतल्या कॉलनीचं स्वतःचं पाणी बाहेर पडायला झडपेचं तोंड ठेवलं नसेल तर तुम्ही स्वतःसाठी हौद बांधला. फुगवट्याच्या जागी भिंत, झडप आणि पंप तिन्ही लागतात, एक सोडून चालत नाही.

घरापुरतं: विजेचे मीटर पुराच्या खुणेच्या दोन फूट वर, महावितरणकडे अर्ज करून, वायरमनच्या भरवशावर नाही. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप), मे महिन्यात उघडून साफ केलेला, नाहीतर तो अडकून उघडाच राहतो. बेसमेंटचा पंप बेसमेंटच्या मीटरवर नको, लाईट गेली की पंपही गेला. लिफ्ट पावसात वरच्या मजल्यावर थांबवून ठेवायची.

कोणाकडे जायचं

शहरातला नाला आणि पावसाळी गटार महापालिकेकडे, म्हणजे आधी तुमचं विभागीय कार्यालय, सहापैकी जे असेल ते: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, नवीन नाशिक. पूररेषा आणि धरणाचा विसर्ग जलसंपदाकडे. एमआयडीसीच्या हद्दीतली गटार एमआयडीसीकडे, नॅशनल हायवेखालची मोरी हायवेवाल्यांकडे. एकच नाला चार जणांच्या हद्दीतून जातो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून एकच पत्र, एकच नकाशा, चौघांनाही आणि प्रत्येकाच्या पत्रावर बाकी तिघांची नावं प्रत म्हणून. आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मोरीचं डिझाइन किती पावसासाठी केलं, नालेसफाईची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) काय म्हणते, हे १० रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात मागा, शेवटचा प्रश्न खास करून.

टायमिंग महत्त्वाचं. ऑगस्टमध्ये ओरडून फक्त पंप मिळतो, मोरी मोठी करायची तर दिवाळीनंतर मागं लागा म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या बजेटमध्ये नाव येईल. सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानं रस्ते, पूल, घाट अशी भरपूर कामं निघालीत, तुमच्या नाल्यावरून नवा रस्ता जात असेल तर खालच्या मोरीचं माप आत्ताच विचारा, डांबर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

पाणी येईल त्या दिवशी

वरच्या टोकाचे दोन-तीन लोक आणि खालचे सगळे असा एक वेगळा ग्रुप करा, त्यात गुड मॉर्निंग बंद, फक्त पाऊस आणि पट्टीचा आकडा. आकड्यावर काम ठरवून ठेवा: समजा १.२ मीटरला गाड्या चढावर, १.५ ला खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा वर आणि मेन स्विच बंद, १.८ ला काठावरची घरं रिकामी. तुमचे आकडे तुमच्या मोरीवरून ठरवा, हे उचलू नका. रात्री दोन वाजता मेसेज कोणी वाचत नाही म्हणून फोन करायची साखळी आणि वॉचमनकडे शिट्टी. मोरीवरून पाणी वाहत असेल तर टू-व्हीलर घालायची नाही, दोन फुटांत कारसुद्धा तरंगते, आणि उघड्या चेंबरला काठी आणि लाल कापड लावून ठेवा.

पाणी उतरलं की धुवायच्या आधी भिंतीवरच्या ओल्या रेघेवर खडूनं खूण करा, फोटो, तारीख, वेळ, बरणीचा आकडा, चार-पाच घरांत. मग धुवा. आणि तो चिखल घमेल्यानं परत नाल्यात टाकू नका, ट्रॅक्टर मागवा.